पार्ट मिळेना, म्हणून घरीच पार्ट बनवले! ‘इंडियन’ मोटारसायकलवाले बर्ट मन्रो

नेकनूर (ता. बीड) : मांजरसुंबा-केज रस्त्यावरच्या नेकनूरसारख्या गावात ज्यांच्या घरी वडिलांची राजदूत, येझदी नाहीतर जुनी बुलेट ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांना एकच प्रश्न छळतो. पार्ट आणायचा कुठून? शोरूमवाला हात वर करतो, मिस्त्री म्हणतो इंजिन खोलू पण आतला माल तुम्ही आणा, आणि भंगारवाला रोज किलोवर भाव सांगून जातो. न्यूझीलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या पोराने याच प्रश्नाशी अर्ध्या शतकाहून जास्त काळ झुंज दिली. गाडी एकच, मालक एकच. त्या गाडीच्या टाकीवर नाव होतं ‘इंडियन’. मालकाचं नाव बर्ट मन्रो.

गाडीचं नाव इंडियन असलं तरी तिचा भारताशी संबंध नव्हता. अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावच्या कंपनीची ती गाडी. पण तिची कहाणी आपल्याकडच्या कुठल्याही गॅरेजात शोभेल अशी आहे.

शेतात मन रमेना

बर्ट मन्रो यांचा जन्म २५ मार्च १८९९ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला, इनव्हरकार्गिल शहरात झाला. ते जुळे होते, पण सोबतची बहीण जन्मतःच गेली. हे पोरही फार दिवस काढणार नाही, असं डॉक्टरांना वाटत होतं. ते जगलं आणि जवळच्या एडनडेल भागातल्या वडिलांच्या शेतावर वाढलं.

घरच्यांची इच्छा एकच, पोराने शेती पाहावी. पोराला मात्र वेगाचं वेड. आधी घोडा पळवायचा, मग मोटारसायकल हाती आली. पहिली गाडी क्लायनो कंपनीची, बाजूला डबा जोडलेली. मन्रो यांनी तो डबा काढून टाकला आणि गाडी शर्यतीत उतरवली. मधल्या काळात त्यांनी डोंगरातल्या ओटिरा रेल्वे बोगद्यावर मजुरीही केली. पुढे वडिलांनी नवी शेती घेतली, तेव्हा त्यांना परत बोलावून घेतलं.

१९२० साली त्यांनी इंडियन स्काऊट ही नवी गाडी घेतली. ६०० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन. कंपनीतून आली तेव्हा तिचा जास्तीत जास्त वेग ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८९ किलोमीटर. आज कॉलेजला जाणारं पोरगंही यापेक्षा जोरात जातं. त्या काळात मात्र ती नावाजलेली गाडी होती. मन्रो यांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. १९२६ पासून त्यांनी गाडीत फेरफार सुरू केले आणि ते काम शेवटपर्यंत थांबलं नाही.

दिवसा दुकान, रात्री लेथ

काही काळ ते ऑस्ट्रेलियात होते. जगभर मंदी आली तेव्हा गावाकडे परतले आणि मोटारसायकलच्या दुकानात विक्रेता व मिस्त्री म्हणून लागले. दिवसभर लोकांच्या गाड्या, रात्रभर स्वतःची. सकाळी तसंच उठून पुन्हा दुकान. १९२७ मध्ये त्यांचं लग्न झालं. पत्नीचं नाव बेरिल. दोघांना चार मुलं झाली.

सुटे भाग विकत आणायला पैसा नव्हता. त्यातून अमेरिका कुठे आणि इनव्हरकार्गिल कुठे! शिवाय त्यांना हवा होता तेवढा मजबूत आणि वेगळ्या मापाचा पार्ट कंपनी बनवतच नव्हती. पुढे १९५३ मध्ये स्प्रिंगफील्डच्या कारखान्यात गाड्या बनवणंच बंद झालं. आपल्याकडे म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा येझदीवाल्यांची जी गत झाली तीच ही गत.

मन्रो यांनी मार्ग काढला तो लोहाराचा. आपल्याकडे फाळ, कुऱ्हाड ठोकून घ्यायला लोक भट्टीवर जातात. यांनी भट्टीच घरी आणली. जुन्या पत्र्याच्या डब्यांत वितळलेला धातू ओतून ते पिस्टन बनवत. सिलिंडर बनवायला बिडाचा जुना नळ कापला. कनेक्टिंग रॉडसाठी त्यांनी ट्रॅक्टरचा मोडका ॲक्सल घेतला, तो घासून-कापून आकाराला आणला आणि तापवून कडक केला. बारीक माप घ्यायचं मायक्रोमीटर विकत घेण्याऐवजी चाकाच्या जुन्या आऱ्यापासून तयार केलं. व्हॉल्व्हची रचना बदलली, क्लच नवा केला, फ्लायव्हील स्वतः घडवलं.

यातला कनेक्टिंग रॉड म्हणजे काय, हे ज्याने इंजिन खोललं आहे त्याला सांगायला नको. पिस्टन वर-खाली होतो, रॉड ती ताकद क्रँकला देतो. गाडी जोरात असताना मिनिटाला हजारो वेळा त्याच्यावर ताण आणि दाब येतो. तो तुटला की क्रँककेससकट सगळं फोडतो. अशी इंजिनं मन्रो यांच्याकडून कितीदा तरी फुटली. फुटलेले पिस्टन आणि वाकलेले रॉड त्यांनी फेकले नाहीत. खोलीतल्या फळीवर ओळीने मांडून ठेवले आणि वर पाटी लावली, की हा सगळा वेगाच्या देवाला वाहिलेला नैवेद्य आहे. प्रत्येक तुकडा पाहिला की कुठे पातळ झाला, कुठे जास्त तापला हे कळायचं. पुढचा पार्ट त्यावरून सुधारायचा.

या वेडाची किंमतही पडली. १९४७ मध्ये नवरा-बायकोचा काडीमोड झाला. थोड्याच दिवसांत मन्रो यांनी नोकरी सोडली आणि एका साध्या गॅरेजवजा खोलीत मुक्काम हलवला. तिथेच अंथरूण, तिथेच लेथ, तिथेच गाडी. जोडीला १९३६ ची एक वेलोसेट मोटारसायकल होती. लोक त्यांना वेडा म्हणत असले तर नवल नाही. मात्र त्या खोलीतून निघालेली गाडी न्यूझीलंडमधले वेगाचे विक्रम मोडत होती.

साठीनंतर मिठाच्या मैदानावर

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनविल नावाचं मिठाचं प्रचंड मैदान आहे. आटलेल्या जुन्या तळ्याचा तो तळ. वर मिठाचा कडक थर, नजर जाईल तिथवर सपाट. जगातल्या वेगवान गाड्या तिथे पळवून पाहतात. १९५७ मध्ये मन्रो तिथे नुसते बघायला गेले. तेव्हाच मनाशी ठरलं, आपली गाडी इथे आणायची.

१९६२ मध्ये ते गाडी घेऊन गेले. वय ६३, गाडी ४२ वर्षांची, छातीच्या दुखण्याने शरीर पोखरलेलं. सोबत मोठ्या कंपन्यांचे ताफे, आणि यांच्याकडे घरी ओतलेले पिस्टन. गाडीवर दोन्ही टोकांना निमुळतं होत गेलेलं लाल कवच चढवलेलं, त्यात म्हातारा जवळजवळ पालथा पडून बसायचा. त्या वर्षी ८८३ सीसी गटात त्यांनी ताशी १७८.९७ मैल, म्हणजे सुमारे २८८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला.

ते परत परत गेले. १९६६ मध्ये हजार सीसी गटात दुसरा विक्रम. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, त्यांनी इंजिन ९५० सीसीपर्यंत वाढवलेलं होतं. हजार सीसीच्या आतल्या गटात ताशी १८३ मैलांहून जास्त वेगाची नोंद झाली. पात्रता फेरीत तर एका दिशेने गाडी ताशी १९०.०७ मैलांवर गेली. म्हणजे जवळजवळ ३०६ किलोमीटर. मूळ गाडीच्या वेगाच्या तिप्पट-साडेतीनपट. अधिकृत नोंद मात्र जाता-येता दोन्ही दिशांच्या सरासरीवर होते, कारण एका बाजूने वाऱ्याची मदत मिळू शकते.

याच सरासरीत पुढे एक गंमत झाली. २०१४ मध्ये मन्रो यांचे चिरंजीव जॉन यांच्या लक्षात आलं, की १९६७ च्या हिशेबात आकडेमोड चुकली आहे. अमेरिकन मोटारसायकल संघटनेने तपासून नोंद दुरुस्त केली. वेग ताशी १८४.०८७ मैल, म्हणजे २९६.२६ किलोमीटर ठरला. वडील जाऊन ३६ वर्षं झाल्यावर त्यांचा विक्रम वाढला.

शेवटी शेवटी प्रकृती साथ देईना. १९७७ मध्ये अर्धांगाचा झटका आला. गाडी आता आपल्या हातून चालायची नाही हे ओळखून मन्रो यांनी दोन्ही मोटारसायकली गावातल्याच हेज नावाच्या व्यापाऱ्याला दिल्या, म्हणजे त्या इनव्हरकार्गिलमध्येच राहतील. ६ जानेवारी १९७८ रोजी ७८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांची इंडियन आजही त्या हार्डवेअरच्या दुकानात लोकांना पाहायला ठेवलेली आहे. दिग्दर्शक रॉजर डोनाल्डसन यांनी मन्रो हयात असताना १९७१ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. २००५ मध्ये त्यांनीच मोठा सिनेमा काढला, त्यात मन्रो यांचं काम अँथनी हॉपकिन्स यांनी केलं. तेव्हापासून हे नाव जगभर झालं.

जुनी गाडी जपायची की बदलायची?

मन्रो यांच्या गाडीत शेवटी कंपनीचा माल फार थोडा उरला होता. सांगाडा आणि क्रँककेस धरून काही भाग मूळचे, बाकी सगळं त्यांच्या हातचं. म्हणून जुन्या गाड्यांचे शौकीन यावर वाद घालतात. गाडी जशी होती तशीच ठेवायची, की चालेल तशी करायची?

आपल्याकडे हा वाद नुसता गप्पांचा राहिलेला नाही. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. नवीन नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षं, नंतर पुन्हा नोंदणीला ५ हजार. अशी गाडी रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या कामाला नाही. या नियमाने पाहिलं तर खुद्द मन्रो यांची जगप्रसिद्ध गाडी विंटेजमध्ये बसली नसती!

रोज वापरायच्या जुन्या गाडीचं वेगळं. तिची नोंदणी १५ वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी आरटीओत नव्याने करून घ्यावी लागते. तिथे आरसी बुकवरचा इंजिन नंबर आणि चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळावा लागतो. म्हणून भंगारातून इंजिन उचलताना कागद पाहूनच उचलावं आणि बदललं तर तशी नोंद करून घ्यावी. नंबर घासलेलं इंजिन स्वस्तात मिळालं तरी ते घेणं म्हणजे विकतचं दुखणं.

पार्ट शोधणाऱ्यांसाठी आजही वाटा आहेत. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. पुण्याचाच जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. दिल्लीचं करोल बाग तर याच धंद्यासाठी ओळखलं जातं. राजदूत फरीदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या गाडीवरून उभी केली होती. तिचा मूळ भाग मिळाला नाही तर स्थानिक बनावटीचा मिळतो, पण माप कॅलिपरने तपासूनच घ्यावा. नव्या जमान्यात जावा, येझदी ही नावं परत आली असली तरी त्यांची इंजिनं वेगळी आहेत, त्यांचे इंजिनाचे भाग जुन्या टू-स्ट्रोक गाडीला बसत नाहीत. पिस्टन-रिंगा, बुश, पिन असं काही अजिबातच मिळेना, तर जुना तुकडा जपून ठेवावा आणि नमुना म्हणून चांगल्या लेथवाल्याकडे न्यावा. झिजलेला असला तरी त्यावरून माप निघतं. तोच टाकून दिला, तर लेथवालाही हतबल होतो.

ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकाचे भाग मात्र घरी ठोकून भागवू नयेत. मन्रो यांनी जीव धोक्यात घातला तो मोकळ्या मिठाच्या मैदानावर, एकट्याचा. आपल्या रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येते आणि मागच्या सीटवर घरचं माणूस बसलेलं असतं.

मन्रो यांच्याकडे पदवी नव्हती, कंपनी पाठीशी नव्हती, पैसाही नव्हता. होती ती एक गाडी, एक लेथ आणि तुटलेल्या पार्टांनी भरलेली फळी. एवढ्यावर त्यांनी ४७ वर्षांची जुनी गाडी ताशी २९६ किलोमीटरच्या पुढे नेली. ताडपत्रीखालच्या राजदूतला तेवढं पळायचं नाही. तिला फक्त किक मारल्यावर चालू व्हायचं आहे. भंगारवाल्याला हो म्हणण्याआधी एकदा इंजिन खोलून काय तुटलंय ते पाहायला हरकत नाही.