नामदार गोखले आणि चुकीची कबुली

चारचौघांत आपण निर्दोष दिसावें, ही इच्छा लहानथोर सर्वांसच असते. गणित चुकलें तर वर्ग हसेल, गुण कमी पडले तर घरीं बोलणीं खावीं लागतील, या भीतीनें मन झांकाझांक करण्यास शिकतें. आणि झांकलेली चूक सुधारण्याचें राहूनच जातें. म्हणून नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या चरित्रांतील दोन प्रसंग आम्ही येथें देत आहों.

गोपाळरावांचा जन्म ता. ९ मे १८६६ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील कोतळूक गांवीं झाला. शाळेंत असतांना एकदां सर्व वर्गांत त्यांचेंच गणित बरोबर आलें, असें सांगतात. गुरुजींनीं पहिल्या जागेवर बसावयास सांगतांच ते रडूं लागले. कारण तें गणित त्यांनीं दुसऱ्याच्या मदतीनें सोडविलें होतें. पुढें त्यांनींच शाळांसाठीं अंकगणिताचें पुस्तक तयार केलें!

खरी कसोटी १८९७ सालीं लागली. वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यासाठीं ते विलायतेस गेले होते. पुण्यांत प्लेगची सांथ होती. घरें तपासणाऱ्या गोऱ्या शिपायांविषयींच्या गंभीर तक्रारी त्यांस पत्रांनीं कळल्या, आणि त्या त्यांनीं तेथील वर्तमानपत्रांतून मांडल्या. जुलैअखेर ते मुंबई बंदरांत उतरले. हें बंदर आमच्या गोवंडीपासून फारसें दूर नाहीं. लोकांचे हाल खरेच होते. परंतु त्या विशिष्ट आरोपांस पुरावा मिळेना. पत्रलेखकांचीं नांवें त्यांनीं उघड केलीं नाहींत. ऑगस्टमध्यें जाहीर माफी मागून सर्व दोष स्वतःवर घेतला. वय अवघें ३१! स्वकीयांनींच त्यांस भित्रा म्हटलें. हा घाव त्यांच्या मनास फार लागला.

तथापि ते तोंड लपवून बसले नाहींत. पुन्हां प्लेग उद्भवला तेव्हां रोग्यांच्या सेवेंत ते स्वयंसेवक झाले. १८९९ सालीं ते मुंबईच्या कायदेकौन्सिलांत निवडून आले. १९०५ सालीं त्यांनीं भारतसेवक समाज स्थापिला व बनारसच्या राष्ट्रीय सभेचें अध्यक्षपदहि भूषविलें. ता. १९ फेब्रुवारी १९१५ रोजीं ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रांनो, लोकांच्या शब्दानें खचलेले गोखले लोकांच्याच सेवेनें सांवरले. आणि पालकांस आमची नम्र विनंति एवढीच, कीं मूल चूक सांगावयास आलें, तर रागावण्यापूर्वीं त्याच्या धैर्याकडे पाहावें.