सामाजी हसाजी दिवेकर आणि मुंबईची जुनी मशीद

मध्य रेल्वेच्या लोकलने बोरीबंदर सोडले की पहिले स्टेशन लागते ते मशीद. हे नाव जवळपासच्या एखाद्या मुसलमानी मशिदीवरून पडले असावे, असाच आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. बेने इस्राएल लोक मात्र सांगतात की, हे नाव त्यांच्या प्रार्थनागृहावरून आले. कोकणातला हा मराठी बोलणारा यहुदी समाज आपल्या सिनेगॉगला मशीदच म्हणत आला आहे. मांडवी भागातील सॅम्युअल स्ट्रीटवर त्यांची ‘जुनी मशीद’ आजही उभी आहे. ती ज्यांनी बांधली, ते सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या फौजेतले एक देशी अधिकारी होते.

त्यांचे हिब्रू नाव सॅम्युअल एझेकिएल. कोकणच्या मातीत सॅम्युअलचा सामाजी झाला, एझेकिएलचा हसाजी झाला आणि गावावरून आडनाव पडले दिवेकर. या समाजाची आडनावे अशीच आहेत : केहिमकर, पेणकर, राजपूरकर, झिराडकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्या मूळ पुरुषांची कथा आहे. हे लोक तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत.

पण या समाजाजवळ धर्मग्रंथ नव्हता आणि प्रार्थनागृहही नव्हते. मुलाची सुंता आठव्या दिवशी करायची, खवले नसलेला मासा खायचा नाही, शनिवार पाळायचा आणि ‘शेमा’ ही एकच प्रार्थना म्हणायची, एवढ्यावर त्यांनी कित्येक शतके आपला धर्म सांभाळला. लग्नकार्याला काझी गावोगाव फिरत. नवस फेडायला एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा करीत, म्हणजे पोहे, खोबरे, साखर आणि फळे. मला यात नवल वाटत नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण एकादशी कधी आणि त्या दिवशी काय चालते, काय नाही, हे तिला कधी कोणी सांगावे लागले नाही. पुस्तकावाचून माणसे पुष्कळ काही जपून ठेवतात. मात्र असे जपलेले एखाद्या पिढीत निसटले, तर ते परत शोधायला जागा उरत नाही.

अठराव्या शतकात घाणे सोडून अनेक बेने इस्राएल तरुण मुंबईला आले आणि कंपनीच्या पलटणीत भरती झाले. सामाजी आणि त्यांचे भाऊ त्यांपैकीच. १७८० साली म्हैसूरशी दुसरे युद्ध सुरू झाले. त्या युद्धात दिवेकर बंधू टिपू सुलतानाच्या कैदेत पडले.

पुढची हकीकत या समाजात पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. कैद्यांना जात-धर्म विचारण्यात आला, तेव्हा आपण बेने इस्राएल असल्याचे यांनी सांगितले. टिपूच्या आईने कुराणात बनी इस्राएलांचे उल्लेख वाचले होते, पण त्या वंशाचा माणूस कधी पाहिला नव्हता. तिने मध्यस्थी केली आणि यांचे प्राण वाचले. सुटका झाली तर देवाचे घर बांधीन, असा नवस सामाजींनी कैदेत केला होता, असेही सांगतात.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणेल की, ११ मार्च १७८४ रोजी मंगळूरचा तह झाला आणि त्यात दोन्ही बाजूंनी कैदी सोडायचे ठरले, तेव्हा सुटकेला एवढे कारण पुरे आहे. मलाही तसेच वाटते. तरीसुद्धा ही कथा टाकून द्यावीशी वाटत नाही. गावात ज्यांना लोक धंद्यावरून तेली म्हणून ओळखत, त्यांना कैदेत आपले जुने नाव सांगावे लागले आणि त्या नावाला किंमत आली, हे त्या कथेत आहे. समाजाने ती इतकी वर्षे उगीच सांगितलेली नाही.

तहानंतर बारा वर्षांनी, १७९६ साली, मांडवीत प्रार्थनागृह उभे राहिले. बेने इस्राएलांचे मुंबईतले हे पहिले सिनेगॉग. नवस बोलायला एक घटका लागते; तो फेडायला शिपाईगड्याला बारा वर्षे लागली, तर ती काही फार नव्हेत. भोवतीच्या वस्तीला इस्राएल मोहल्ला म्हणू लागले. कोकणातून नव्याने आलेल्या माणसाला आता शहरात एक ठिकाण झाले. शब्बाथची प्रार्थना तिथे, लग्न तिथे, समाजाची बैठक आणि भांडणाचा निवाडाही तिथेच.

इमारत झाली, पण आत ठेवायला सेफेर तोरा हवा होता. हा छापील ग्रंथ नसतो. चामड्याच्या पत्र्यांवर हिब्रू अक्षरे हाताने लिहून त्यांची गुंडाळी करतात आणि अक्षर चुकलेली प्रत वाचनाला चालत नाही. कोचीनच्या यहुद्यांकडे अशा प्रती होत्या आणि हिब्रू जाणणारे लोकही होते. म्हणून प्रार्थनागृह बांधल्यावर वर्षभरातच सामाजी कोचीनला गेले. वयाने ते थकले होते. तिथेच १७९७ साली त्यांचे निधन झाले. आपण बांधलेल्या प्रार्थनागृहात त्यांना फार दिवस बसायला मिळाले नाही.

कोचीनशी जुळलेला धागा मात्र तुटला नाही. तिकडचे शिक्षक कोकणात आणि मुंबईत येऊन हिब्रू प्रार्थना शिकवू लागले. वस्ती वाढली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा १८६० साली प्रार्थनागृह सध्याच्या जागी आले. १८७५ साली हाईम सॅम्युअल केहिमकरांनी समाजाच्या मुलांसाठी इस्राएली शाळा काढली. हिब्रू प्रार्थना मराठीत उतरल्या आणि बायबलातल्या कथांवर मराठीत कीर्तनेही होऊ लागली. ज्यांच्याजवळ शंभर वर्षांपूर्वी एक पोथी नव्हती, त्यांच्यात आता लिहिणारे तयार झाले होते. मला तर ही गोष्ट टिपूच्या कैदेतून सुटण्याहून मोठी वाटते.

१८९६ साली, बरोबर शंभर वर्षांनी, सामाजी हसाजींच्या या प्रार्थनागृहाला ‘शार हारहामीम’ हे नाव मिळाले. त्याचा अर्थ दयेचे द्वार. १९४८ नंतर समाजातील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, मोहल्ल्यातली घरे इतरांची झाली. पण जुन्या मशिदीचे दार उघडे राहिले. सामाजींची कबर मात्र मुंबईत नाही. ती कोचीनला आहे.