सूर्याचे गुपित उलगडणारी विद्यार्थिनी

सूर्य हा मुख्यत्वे हायड्रोजन आणि हेलियम या वायूंचा गोळा आहे, हे आज शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. मात्र १९२५ पर्यंत जगातील नामवंत खगोलशास्त्रज्ञांचा समज वेगळाच होता. पृथ्वीवर जी मूलद्रव्ये ज्या प्रमाणात आहेत, साधारण त्याच प्रमाणात ती सूर्यातही असणार, असे ते मानत. हा समज खोटा ठरविला तो पंचविशीतील एका विद्यार्थिनीने. दुर्दैव असे, की आपला निष्कर्ष खरा नसावा, हेही तिला आपल्याच प्रबंधात लिहावे लागले. तिचे नाव सेसिलिया पेन.

इंग्लंडमधील वेंडोव्हर या गावी १० मे १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. त्या चार वर्षांच्या असताना वडिलांचे निधन झाले आणि तीन मुलांना वाढविण्याची जबाबदारी एकट्या आईवर पडली. १९१९ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात दाखल झाल्या. तेव्हा त्यांचे विषय होते वनस्पतिशास्त्र, पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र. खगोलशास्त्र त्यात नव्हते.

त्याच वर्षी खग्रास सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांतून आइन्स्टाइन यांच्या सापेक्षता सिद्धान्ताची कसोटी पाहून आर्थर एडिंग्टन आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावरून परतले होते. त्यांच्या व्याख्यानाला जाणाऱ्या एका मैत्रिणीचा बेत रहित झाला आणि तिचे तिकीट पेन यांच्या हाती आले. व्याख्यान ऐकून खोलीवर परतल्यावर त्यांनी ते जवळजवळ जसेच्या तसे स्मरणातून लिहून काढले. त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. वनस्पतिशास्त्र मागे पडले आणि पदार्थविज्ञान व खगोलशास्त्र हेच ध्येय झाले.

त्यांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, पण पदवी मिळाली नाही. केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देत नसे. ती वाट १९४८ मध्ये खुली झाली. इंग्लंडमध्ये शाळेत शिकविण्यापलीकडे फारसे भवितव्य नाही, हे ओळखून पेन १९२३ मध्ये अमेरिकेला गेल्या. हार्वर्ड वेधशाळेचे संचालक हार्लो शॅप्ली यांनी त्यांना पाठ्यवृत्ती देऊ केली होती.

हार्वर्डमध्ये ताऱ्यांच्या वर्णपटांच्या काचेच्या तबकड्यांचा अफाट साठा होता. अ‍ॅनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी वर्णपटांवरून लाखो ताऱ्यांचे वर्गीकरण केले होते. या वर्णपटांतील काळ्या रेषांचा नेमका अर्थ काय, हा प्रश्न मात्र उरला होता. त्याची किल्ली भारतातून आली. कोलकात्याचे मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये, तापमान व दाबानुसार अणूंचे आयनीभवन किती होते हे सांगणारे समीकरण मांडले होते. पेन यांनी हे समीकरण हार्वर्डच्या वर्णपटांना लावले. एखाद्या मूलद्रव्याची रेषा ठळक दिसली म्हणून ते द्रव्य विपुल आहे असे नव्हे. रेषेचा ठळकपणा तापमानावरही अवलंबून असतो, हे त्यातून स्पष्ट झाले. हा परिणाम वजा केल्यावर सिलिकॉन, कार्बन आदींचे परस्पर प्रमाण पृथ्वीशी जुळले. हेलियम मात्र कितीतरी पट अधिक निघाला आणि हायड्रोजन तर सुमारे दहा लाख पट!

प्रबंधाचा मसुदा प्रिन्स्टनचे हेन्री नॉरिस रसेल यांच्याकडे गेला. या क्षेत्रात त्यांचा शब्द अखेरचा मानला जाई. हा निष्कर्ष अशक्य आहे, असे त्यांचे मत पडले. नव्या संशोधिकेचे सारे भवितव्य अशा अधिकारी व्यक्तींच्या मतावर अवलंबून होते. पेन यांनी आकडे कायम ठेवले, परंतु हे प्रमाण बहुधा वास्तव नसावे, अशी पुस्ती जोडली. हार्वर्ड स्त्रियांना डॉक्टरेट देत नसल्याने १९२५ मध्ये ही पदवी त्यांना रॅडक्लिफ कॉलेजकडून मिळाली. त्या कॉलेजची खगोलशास्त्रातील ती पहिलीच डॉक्टरेट होती. चार वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल स्वतः वेगळ्या मार्गाने त्याच निष्कर्षावर पोहोचले. त्यांनी पेन यांच्या कामाचा उल्लेख केला, तरी शोधाचे श्रेय बराच काळ रसेल यांच्याच नावे जमा होत राहिले.

पुढील प्रवासही सोपा नव्हता. त्या शिकवीत, संशोधन करीत; परंतु हुद्दा होता शॅप्ली यांच्या तांत्रिक साहाय्यकाचा. त्यांचे अभ्यासवर्ग १९४५ पर्यंत विद्यापीठाच्या अधिकृत यादीत नव्हते. १९३४ मध्ये त्यांनी रशियात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ सर्गेई गापोश्किन यांच्याशी विवाह केला. तीन मुलांचा संसार सांभाळत या दांपत्याने रूपविकारी ताऱ्यांची लक्षावधी निरीक्षणे घेतली. अखेर १९५६ मध्ये त्या हार्वर्डच्या प्राध्यापक झाल्या आणि तेथील एखाद्या विभागाचे प्रमुखपद भूषविणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या.

१९७६ मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रीय संस्थेने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला. तो रसेल यांच्याच नावाचा होता. ७ डिसेंबर १९७९ रोजी त्यांचे निधन झाले. उत्तरायुष्यात मागे वळून पाहताना त्यांनी रसेल यांना दोष दिला नाही. आपले म्हणणे खरे असल्याची खात्री असूनही अधिकारापुढे आपण माघार घेतली, याचाच त्यांना खेद वाटे. आज जगभरच्या विद्यापीठांत ताऱ्यांच्या वातावरणाचा धडा साहा यांच्या समीकरणापासून सुरू होऊन पेन यांच्या निष्कर्षापर्यंत जातो. त्यात ती पुस्ती मात्र कोणी शिकवीत नाही.