गाडीला ‘सेल्फ’ देणारा केटरिंग

पहिलं लेक्चर चुकायची वेळ आणि तुम्ही चावी फिरवली, तर गाडी नुसतं ‘टक्’ करून गप्प! वैताग येतोच. पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गाडी सुरू करायची म्हणजे पुढून लोखंडी हँडल घालून इंजिन हाताने फिरवायचं. हँडलने उलटा झटका दिला की मनगट मोडलंच म्हणून समजा. या जाचातून सोडवणारा माणूस म्हणजे चार्ल्स केटरिंग.

जन्म १८७६ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकरी घरात. डोळे इतके अधू, की कॉलेज अर्ध्यावर सोडावं लागलं. पठ्ठ्या टेलिफोनच्या लाइनी टाकणाऱ्या टोळीत कामाला लागला. पुन्हा कॉलेजात आला आणि १९०४ मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी इंजिनीअर झाला. ‘इयर ड्रॉप’ने खचलेल्यांनो, हे लक्षात ठेवा!

नोकरी लागली डेटन शहरात, दुकानातल्या गल्ल्याची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. या यंत्राला त्याने विजेची मोटर बसवली आणि खरी मेख तिथेच सापडली. गल्ला उघडायला मोटर क्षणभरच लागते; मग छोट्या मोटरकडूनही तेवढ्यापुरतं दांडगं काम करून घेता येतं. गाडी सुरू करायला अवाढव्य मोटर लागेल, असं जाणकार म्हणत होते. केटरिंगने गल्ल्याचाच हिशेब गाडीला लावला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये ‘सेल्फ’ आला. इंजिन सुरू झालं की तीच मोटर उलट बॅटरी चार्ज करायची.

हा हिशेब कळला, की तुमच्या गाडीचं दुखणंही कळतं. आजचा स्टार्टरही काही सेकंदांसाठी शंभराहून जास्त अँपिअर करंट ओढतो. त्यामुळे जोड जरा सैल असला तरी खेळ खल्लास. हेडलाइट लावून चावी फिरवा. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरी उतरलीय किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरा थर साचलाय. दिवे लख्ख आणि आवाजच नाही, तर स्विच, रिले किंवा त्यांच्या वायरी तपासायला सांगा. आणि दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारत बसू नका. मोटर क्षणभराच्या कामासाठीच बनलीय, तापून जळेल.

केटरिंगची दुसरी बाजूही सांगायला हवी. तो जनरल मोटर्सचा संशोधनप्रमुख असताना, १९२१ मध्ये, त्याच्या हाताखालच्या थॉमस मिजलीने इंजिनाची ‘ठकठक’ थांबवायला पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं. केटरिंगने ते बाजारात रेटलं. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने दगावले; विक्री काही काळ थांबली, पण पुन्हा सुरू झाली. भारतात शिसं घातलेलं पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं.

याच माणसाच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये तो गेला. मनगटं वाचवली त्याने, हवा नासवली तीही त्यानेच. उद्या सेल्फ मारताना दोन्ही आठवा.