बालशिक्षणाच्या अध्वर्यू कै. ताराबाई मोडक

माहीमच्या वाड्या मागे टाकून सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू असा किनारा धरून उत्तरेकडे गेले की गुजरातच्या सीमेलगत बोर्डी हे गाव लागते. तेथून जवळच कोसबाडची टेकडी आहे. या दोन ठिकाणी कै. ताराबाई मोडक यांनी आपल्या आयुष्याच्या उत्तरार्धातील सारी शक्ती वेचली. अंगणवाडी हा शब्द आज गावोगावी लहानथोरांच्या तोंडी आहे. परंतु त्यामागची कल्पना याच किनाऱ्यावर रुजली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या मंगलप्रसंगी या थोर माउलीचे पुण्यस्मरण करणे उचितच होय.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. त्यांचे माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते. त्यांनी उमाबाई या विधवेशी विवाह केला होता. त्या काळी असा विवाह करणाऱ्यांस समाजाचा रोष सोसावा लागे. अशा सुधारक घरात वाढलेल्या ताराबाई १९१४ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. मुलींनी चार इयत्ता शिकणेही जेथे नवलाचे होते, त्या काळची ही गोष्ट आहे. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु संसाराचे सुख त्यांना फार काळ लाभले नाही. दुःख कवटाळून न बसता त्यांनी राजकोट येथे शिक्षणक्षेत्रात जबाबदारीची नोकरी पत्करली.

तेथे असताना भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी चालविलेल्या बालमंदिराची कीर्ती त्यांच्या कानी आली. मुलाला धाक न घालता, त्याच्या कलाने, खेळातून शिकवावे, हा गिजुभाईंचा ध्यास होता. ताराबाईंनी मानाची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या दक्षिणामूर्तीत दाखल झाल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षण पत्रिकेच्या द्वारे त्यांनी हे विचार मराठी पालकांपर्यंत पोहोचविले. १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला व तो नावारूपास आणला.

येथपर्यंतचे कार्यही एका जन्मास पुरेसे होते. परंतु शहरातील सुस्थित घरची मुले फुलासारखी वाढतात आणि खेड्यातील मूल मात्र उपेक्षित राहते, ही खंत ताराबाईंच्या मनास लागून राहिली. मादाम मॉन्टेसरी यांची शिक्षणपद्धती उत्तम खरी, पण तिची साधने महागडी. ती खेड्याला कशी परवडावीत? याचे उत्तर शोधण्यासाठी वयाच्या ५३ व्या वर्षी, १९४५ साली, त्या बोर्डीस आल्या आणि तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले. शंखशिंपले, चिंचोके, पाने, खडे, माती हीच तेथील साधने झाली. जे समुद्राने व रानाने फुकट दिले, त्यातूनच मूल मोजायला, ओळखायला, जुळवायला शिकू लागले.

तरीही एक अडचण उरली. गरिबांच्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. आईबाप पहाटेच कामावर जात. थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसे, भाऊ गुरांमागे जाई. तेव्हा ताराबाईंनी मुलांना दोष दिला नाही, की आईबापांना बोल लावला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. अंगण झाडावे, मुलांना गोळा करावे, त्यांची नखे कापावीत, केस विंचरावेत, मग गाणी, गोष्टी, खेळ घ्यावेत, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी! १९५७ साली केंद्र कोसबाडला गेल्यावर वारली पाड्यांतून हे कार्य अधिकच विस्तारले. गुराख्या मुलांसाठी कुरणावरच कुरणशाळा भरू लागली. तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर झाले, आणि त्यामुळे त्यांना सांभाळणारी थोरली बहीणही शाळेत जाण्यास मोकळी झाली.

ताराबाईंचा आणखी एक मोठा गुण म्हणजे माणसे घडविण्याची हातोटी. १९४५ मध्येच पुण्याच्या हुजूरपागेतील शिक्षिका श्रीमती अनुताई वाघ या त्यांच्यासमवेत बोर्डीस आल्या. अनुताईंना बालपणीच वैधव्य आले होते आणि नोकरी सांभाळून, रात्रशाळेत शिकून त्या मॅट्रिक झाल्या होत्या. ताराबाईंनी त्यांना धाकट्या बहिणीप्रमाणे जवळ केले, हाती काम सोपविले, विश्वास टाकला. त्याच अनुताई पुढे १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी पदवीधर झाल्या. ताराबाईंच्या पश्चात त्यांनी १९९२ सालापर्यंत, म्हणजे अखेरच्या श्वासापर्यंत कोसबाडचा दिवा तेवत ठेवला. आपल्यामागे काम थांबू नये अशी माणसे तयार करणे, यातच खऱ्या नेतृत्वाची कसोटी असते.

भारत सरकारने १९६२ साली पद्मभूषण देऊन ताराबाईंचा गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पाड्यावरच्या झाडलेल्या अंगणातून निघालेला हा शब्द देशभर गेला.

उत्सवात देवाची पालखी गावातून निघते, ती देवळापर्यंत येऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, आजाऱ्यांच्या दारीही जाते. ताराबाईंनी सरस्वतीची पालखी अशीच दारोदार नेली. जीर्णोद्धारासाठी ज्यांनी श्रम दिले, द्रव्य दिले, त्यांचे दान मोठेच आहे. मंदिराचे अंगण जसे स्वच्छ राखायचे, तसे गावातल्या शेवटच्या घरच्या अंगणातील मुलाकडेही लक्ष असावे, एवढाच बोध या चरित्रातून घेण्यासारखा आहे. कै. ताराबाईंच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!