फुलांचे केसर मोजणारे कार्ल लिनियस

बालमित्रांनो, आपल्याकडे फणसे, पिंपळे, बोरकर अशी झाडांवरून पडलेली आडनावे आहेत. असेच झाडावरून आडनाव पडलेले एक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी पुढे हजारो झाडांना नाव व आडनाव दिले. त्यांचे नाव कार्ल लिनियस. त्यांची माहिती मी आज सांगते.

युरोप खंडात उत्तरेला स्वीडन नावाचा देश आहे. तिकडे फार थंडी असते. हिवाळ्यात सगळीकडे बर्फ पडतो. त्या देशात रोसहुल्ट नावाच्या खेडेगावात २३ मे १७०७ रोजी कार्लचा जन्म झाला. वडिलांचे नाव निल्स व आईचे नाव क्रिस्टीना. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. आधी त्यांच्या घराला आडनावच नव्हते. तिकडे तेव्हा बापाच्या नावावरून मुलाला ओळखत. निल्स मोठ्या शाळेत शिकायला गेले तेव्हा त्यांना आडनाव घ्यावे लागले. त्यांच्या घराण्याच्या जमिनीत लिंडन जातीचे एक मोठे झाड होते. त्या झाडावरून त्यांनी लिनियस हे आडनाव घेतले.

निल्स यांना बागेचा भारी नाद होता. कार्ल रडायला लागला की त्याच्या हातात एक फूल द्यायचे, मग तो गप्प बसायचा, असे सांगतात. थोडा मोठा झाल्यावर तो वडिलांच्या मागे मागे बागेत फिरायचा आणि हे काय, ते काय, असे सारखे विचारायचा. सांगितलेले नाव विसरायचा आणि पुन्हा विचारायचा. शेवटी वडिलांनी त्याला बजावले की नावे ध्यानात ठेवणार नसशील तर यापुढे मी सांगणार नाही. तेव्हापासून तो झाडांची नावे पाठ करू लागला.

आईवडिलांना वाटायचे की मुलाने धर्मगुरू व्हावे. म्हणून त्याला वेक्शो गावच्या शाळेत घातले. पण कार्लचे लक्ष पुस्तकात कमी आणि रानात जास्त. १७२६ साली वडील शाळेत चौकशीला आले. तेव्हा शिक्षक म्हणाले की हा मुलगा शिकून धर्मगुरू होईल असे दिसत नाही, त्याला एखादा हातधंदा शिकवा. वडिलांना फार वाईट वाटले. पण त्याच शाळेत शिकवणारे रॉथमन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी सांगितले की हा मुलगा चांगला डॉक्टर होईल. त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले आणि झाडांची व औषधांची पुस्तके शिकवली. त्या काळी बहुतेक औषधे झाडपाल्याची असत. म्हणून डॉक्टरला झाडे ओळखता यावीच लागत. एका गुरूने ओळखले म्हणून कार्ल वाचला, नाहीतर तो कुठेतरी हातधंदा करत बसला असता.

पुढे १७२८ साली कार्ल उप्साला येथील विद्यापीठात गेला. जवळ पैसे नव्हते. खाण्याचे हाल होत. फाटक्या बुटात कागद घालून तो चालत असे. १७२९ साली तेथील बागेत सेल्सियस नावाचे एक वयस्कर प्राध्यापक त्याला भेटले. त्यांनी झाडांची नावे विचारली तर या पोराला सगळी येत होती. त्यांनी त्याला आपल्या घरी राहायला जागा दिली. लगेच पुढच्या वर्षी, म्हणजे १७३० साली, कार्ल विद्यार्थी असतानाच बागेत इतरांना शिकवू लागला.

आता लिनियस मोठे झाले होते. १७३२ साली ते लॅपलँड या अगदी उत्तरेकडच्या भागात एकटे गेले. पाच महिने घोड्यावर, होडीत आणि पायी फिरले. दलदल, डास, थंडी सगळे सोसले. तेथील झाडांवर त्यांनी पुस्तक लिहिले.

त्यांच्यापुढे एक मोठा प्रश्न होता. जगात इतकी झाडे, ती लावायची कशी? आपण वर्गात जशी पुस्तके रचून ठेवतो, तशी झाडे कशी रचायची? कोणी पानांवरून रचत, कोणी फळांवरून, कोणी झाड मोठे की लहान यावरून. त्यामुळे सगळा गोंधळ होता. लिनियस यांनी ठरवले की फूल उघडून आतले केसर मोजायचे. फुलात मधे स्त्रीकेसर असतो, त्याच्या बुडाशी फळ धरते. त्याच्या भोवती पुंकेसर असतात, त्यांच्या टोकावर पिवळी भुकटी असते. ती भुकटी म्हणजे पराग. लिनियस यांनी पुंकेसर मोजून झाडांचे २४ वर्ग केले. एक पुंकेसर असेल तर पहिला वर्ग, दोन असतील तर दुसरा, असे. पुढचे काही वर्ग पुंकेसर लांब-आखूड आहेत का, एकमेकांना चिकटलेले आहेत का, यावरून केले. आपला मोगरा त्यात दुसऱ्या वर्गात आहे, कारण त्याला दोनच पुंकेसर असतात. ज्याला मोजता येते त्याला झाडाचा वर्ग सापडतो, इतके हे सोपे झाले.

१७३५ साली ते हॉलंड देशात गेले व डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचे पहिले मोठे पुस्तक निघाले. त्याची पाने अगदी थोडी पण फार मोठ्या आकाराची होती. तेथे क्लिफर्ड नावाच्या श्रीमंत माणसाच्या बागेचे काम त्यांच्याकडे आले. त्या बागेत काचेच्या घरात केळीचे झाड होते. पण थंड देशात केळीला फूल येईना. लिनियस यांनी केळीला चांगली माती घातली, काही आठवडे पाणी तोडले आणि मग भरपूर पाणी दिले. केळ फुलली! ती बघायला लांबून लोक आले. केळफूल आपल्याला रोजचे, पण तिकडे नवलच. १७३६ साली लिनियस यांनी त्या केळीवर एक पुस्तक लिहिले.

१७३८ साली ते स्वीडनला परत आले. १७३९ साली त्यांचे सारा यांच्याशी लग्न झाले. १७४१ साली ते उप्सालाला प्राध्यापक झाले. ते विद्यार्थ्यांना घेऊन सकाळीच रानात जात. दिवसभर झाडे गोळा करायची, माहिती लिहून घ्यायची. संध्याकाळी ढोल व शिंगे वाजवत, निशाणे घेऊन सगळे गावात परत येत. आपली प्रभातफेरी असते ना, तसेच. त्यांचे शिष्य दूर दूर देशांत झाडे शोधायला गेले. टॅर्नस्ट्रॉम नावाचा शिष्य १७४६ साली चीनला निघाला, पण वाटेतच तापाने वारला. त्याची बायकामुले उघड्यावर पडली. लिनियस यांना ते फार लागले. पुढे ते लग्न न झालेल्या शिष्यांनाच पाठवू लागले. त्यातलेही काही परत आलेच नाहीत.

आता नावांची गोष्ट. पूर्वी एका झाडाचे शास्त्रातले नाव दहा-बारा शब्दांचे असे. ते पाठ कोण करणार? लिनियस यांनी १७५३ साली एक पुस्तक छापले. त्यात सुमारे सहा हजार जातींच्या झाडांना दोन दोन शब्दांची नावे दिली. आधी आडनाव, मग नाव, हजेरीत घेतात तसे. वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा आणि उंबर म्हणजे फायकस रेसिमोसा. तिघांचे आडनाव एकच. तिघांचेही पान तोडले की पांढरा चीक येतो, बघा. पिंपळाला लोक पुजतात म्हणून त्याचे नाव धर्मावरून ठेवले आहे. आंब्याचे नाव मँजिफेरा इंडिका. आपण आंबा म्हणतो, गुजराती केरी म्हणतात, पण मँजिफेरा इंडिका म्हटले की सगळ्या जगाला कळते.

लिनियस कधी भारतात आले नाहीत. मग त्यांना आपली झाडे कशी कळली? केरळच्या झाडांवर हॉर्टस मलबारिकस नावाचा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात हॉलंडमध्ये छापला होता. तो डच अधिकारी व्हान रीड यांनी तयार करवला. त्यासाठी इट्टी अच्युतन या वैद्यांनी माहिती दिली. तसेच रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन कोकणी वैद्यांनीही मदत केली. त्यांचे कोकणी पत्र आपल्याच नागरी लिपीत त्या ग्रंथात छापले आहे. लिनियस यांनी त्या ग्रंथाचा पुष्कळ उपयोग केला. म्हणजे त्यांच्या कामात आपल्या वैद्यांचाही वाटा आहे.

पण केसर मोजण्यात एक अडचण होती. गव्हाला तीन पुंकेसर, म्हणून गहू तिसऱ्या वर्गात. भाताला सहा, म्हणून भात सहाव्या वर्गात. खरे तर दोन्ही गवतच! आणि वांगे व कोथिंबीर या दोघांना पाच पाच, म्हणून दोघे पाचव्या वर्गात. त्यांचे काही नाते आहे का? नाही. एकाच इयत्तेत बसले म्हणून कोणी भाऊ होत नाही. हे लिनियस यांना चांगले ठाऊक होते. आपली मोजणी ही सोयीची आहे, खरी नाती अजून शोधायची आहेत, असे ते स्वतःच सांगत. १७३८ सालीच त्यांनी नात्याप्रमाणे ६५ गट करून पाहिले होते. मला त्यांची हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. जगभर नाव झाले तरी आपले काम अपुरे आहे असे ते म्हणाले.

म्हातारपणी १७७४ साली त्यांना झटका आला. नंतर ते फार विसरू लागले. स्वतः लिहिलेले पुस्तक वाचून त्यांना आनंद व्हायचा, पण ते आपणच लिहिले हे आठवत नसे, असे सांगतात. १० जानेवारी १७७८ रोजी ते वारले. त्यांना उप्सालाच्या मोठ्या चर्चमध्ये पुरले आहे.

त्यांचे राहिलेले काम फ्रान्समध्ये ज्यूस्यू या काका-पुतण्यांनी पुढे नेले. पुतण्याने १७८९ साली झाडांची १०० कुळे सांगितली. नुसते पुंकेसर न मोजता पाने, पाकळ्या, फळ, बी सगळे मिळून पाहायचे, अशी त्यांची रीत होती. त्या रीतीने आपल्या गावातली कुळे कशी ओळखायची ते पाहा.

जास्वंदीचे कूळ : पाच सुट्या पाकळ्या. सगळे पुंकेसर चिकटून मधे एक नळी होते. पाने चुरली तर बुळबुळीत लागतात. यात कापूस, भेंडी, अंबाडी येतात.

शेंगांचे कूळ : हरभरा, तूर, वाटाणा, चवळी. फूल फुलपाखरासारखे. एक मोठी पाकळी वर, दोन पंखांसारख्या बाजूला, दोन जोडून होडीसारख्या खाली. आत दहा पुंकेसर, नऊ एकत्र आणि एक वेगळा. फळ म्हणजे शेंग.

मोहरीचे कूळ : चार पाकळ्या, अधिकच्या चिन्हासारख्या. सहा पुंकेसर, चार लांब व दोन आखूड. मुळा, कोबी, फ्लॉवर यातलेच.

वांग्याचे कूळ : पाच पाकळ्या खाली जोडलेल्या, पुंकेसर पाकळ्यांना चिकटलेले. टोमॅटो, मिरची, बटाटा यातले. पण विषारी धोतराही यातलाच! म्हणून कूळ ओळखले तरी अनोळखी फळ तोंडात घालू नये.

तुळशीचे कूळ : दांडी चौकोनी, बोटांनी फिरवून बघा. पाने समोरासमोर, वास चांगला. फुलाला दोन ओठ असतात. पुदिना यातला.

भोपळ्याचे कूळ : वेलाला स्प्रिंगसारखे गोल धागे. बहुतेकांची नर फुले व मादी फुले वेगळी. मादी फुलाच्या मागे बारीक फळ दिसते. काकडी, दोडका, कारले यातले.

झेंडूचे कूळ : आपण एक फूल म्हणतो ती खूप लहान फुलांची टोपलीच असते. सूर्यफूल, शेवंती, करडई यातले.

आता शास्त्रज्ञ झाडाच्या पेशीतली गुणसूत्रेही तपासून नाती ठरवतात. २०१६ साली केलेल्या यादीत फुलझाडांची ४१६ कुळे आहेत. गहू आणि भात आता एकाच कुळात आहेत.

मित्रांनो, हे पाहायला पैसे लागत नाहीत. एक फूल घ्या, पाकळ्या मोजा, केसर मोजा, पान आणि फळही पाहा. सगळी फुले तोडू नका, एकच पुरते. लिनियस यांना शाळेत कोणी हुशार म्हटले नव्हते, पण त्यांनी फुलांकडे नीट पाहायचे कधी सोडले नाही.

इयत्ता ४ थी