गिलानचा मुहाजिर, बीदरचा वजीर : ख्वाजा महमूद गावान

वडगाव मावळहून तळेगावमार्गे चाकण गाठायला, ट्रॅफिक आडवं आलं नाही तर, तासभर पुरतो. चाकण म्हटलं की आज कारखाने आठवतात आणि परगावाहून, परराज्यांतून आलेले कामगार. इथले कोण आणि बाहेरचे कोण, हा विषय चहाच्या टपरीवर निघतोच. पंधराव्या शतकाच्या मध्यात याच चाकणच्या किल्ल्यात बाहेरच्यांची कत्तल झाली होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. बहमनी फौज कोकणच्या रानात शिर्क्यांच्या हाती सापडली आणि तिचा सरदार खलफ हसन बसरी मारला गेला. इराण-इराककडून आलेले, ज्यांना आफाकी म्हणत, असे काही सैनिक जीव वाचवून चाकणला आले. दख्खनी सरदारांनी ते फितूर झाल्याची खोटी खबर बीदरला सुलतानाकडे धाडली, किल्ल्याला वेढा घातला, आणि शेवटी कसमा खाऊन त्यांना बाहेर बोलावलं. दावतीला बसवून त्यांना कापून काढलं. पुढे सुलतानाला खरं कळलं, दोषींना शिक्षाही झाली. गेलेले जीव गेलेच.

असा हा दरबार. याच दरबारात १४५३ साली चाळिशी ओलांडलेला एक इराणी व्यापारी आला. ख्वाजा महमूद गावान. कास्पियन समुद्राकाठच्या गिलान प्रांतात त्यांच्या घराण्यात वजिरी होती. तिथल्या दरबारातल्या हेव्यादाव्यांपायी त्यांना वतन सोडावं लागलं. त्यांनी व्यापार धरला, मुलूख पाहिले, उलमांच्या सोबतीत बसले, आणि आपल्या कोकणातल्या दाभोळ बंदरात उतरले. बीदरच्या एका बुजुर्गांना भेटून पुढे दिल्लीला जायचा बेत होता. सुलतान अलाउद्दीन अहमदशहाने त्यांना ठेवून घेतलं आणि एक हजाराची मनसब दिली.

आता प्रश्न असा की ही नेमणूक लायकीवर झाली, की इराणी म्हणून? आम्हाला विचाराल तर पहिली पायरी त्यांना बऱ्याच अंशी इराणी असल्यामुळे मिळाली. बहमनी सुलतानांना समुद्रापलीकडून आलेल्या माणसांचं वेड होतं. चांगली फारसी बोलणारा, खानदानी माणूस दिसला की दरवाजा उघडायचा. त्याच वेळी दारात ताटकळत उभ्या असलेल्या दख्खनी तरुणाला राग येणं साहजिक होतं, हे मान्य करायला हवं. मात्र दख्खनी म्हणवणाऱ्या पुष्कळांचे वाडवडील तरी कुठले? मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून दौलताबादला आणलेलेच ना! शंभर-सव्वाशे वर्षं आधी आले, एवढाच फरक.

पुढच्या पायऱ्या मात्र कामाच्या होत्या. नलगोंड्याचं बंड त्यांनी मोडलं. १४६१ मध्ये हुमायूनशहा वारला आणि तख्तावर आठ वर्षांचं मूल बसलं, तेव्हा राजमाता आणि ख्वाजा जहान तुर्क यांच्यासोबत राज्य सावरणाऱ्या तिघांत ते होते. १४६६ मध्ये वजिरी त्यांच्याकडे आली. मग कोकणची मोहीम निघाली. खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, संगमेश्वर, आणि १४७२ मध्ये गोवा. ही मोहीम जवळजवळ तीन वर्षं चालली. सह्याद्रीतला पाऊस आपण जाणतो, त्या पावसात कोल्हापूरला तळ हलवावा लागला. राजधानीतून रसद वेळेवर मिळू नये म्हणून कोण कोण खटपटी करतंय, याची तक्रार त्यांच्या पत्रांत सापडते. रियाज़ुल इन्शा या नावाने ती पत्रं आजही उपलब्ध आहेत.

गोवा जिंकून परतल्यावर सुलतान आठवडाभर त्यांच्या घरी राहिला. इतिहासकार फिरिश्ता लिहितो की पाहुणे गेल्यावर ख्वाजासाहेब खोलीत जाऊन रडले, अंगावरचे उंची कपडे उतरवले आणि घरातलं सोनंनाणं सय्यदांना, आलिमांना वाटून टाकलं. किताबं ठेवली, ती विद्यार्थ्यांची म्हणून. हत्ती-घोडे ठेवले, ते सरकारी अमानत म्हणून. बीदरचा मदरसा याच काळातला. तीन मजली इमारत, दर्शनी भागावर रंगीत फरशांत कुरआनच्या आयती. आमच्यासारख्या मास्तरकी करणाऱ्यांना वजिरीपेक्षा त्या मदरशाचाच अभिमान जास्त वाटतो. मौलाना जामींनाही त्यांनी तिथे येण्याचं निमंत्रण दिलं होतं. ते आले नाहीत.

त्यांचं सर्वांत मोठं काम कारभारातलं. राज्याचे चार मोठे सुभे, म्हणजे तरफा, होत्या. त्यांच्या त्यांनी आठ केल्या. दौलताबादेतून जुन्नरची तरफ वेगळी निघाली. प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला, बाकीच्यांवर थेट सुलतानाचे किल्लेदार बसले. जमीन मोजली. जितके सैनिक कागदावर तितके हजर नसतील तर पैसे कापून घेतले. नेमणुका करताना त्यांनी आपलेच आफाकी भरले नाहीत. दौलताबादेला यूसुफ आदिल हा आफाकी, तर गाविलला फतहउल्लाह इमादुल्मुल्क हा दख्खनी गटातला, माहूरला खुदावंद खान हबशी, राजमहेंद्रीला मलिक हसन. हा मलिक हसन त्यांचा पक्का विरोधक. त्यालाही जागा दिली. आमच्या मते ख्वाजासाहेबांची लायकी इथे सर्वांत जास्त दिसते.

आणि घात याच कामाने केला. ज्यांचे किल्ले गेले, पैसे कापले गेले, त्यांनी शिक्का सांभाळणाऱ्या त्यांच्या हबशी नोकराला दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का मारून घेतला. त्यावर ओडिशाच्या राजाला स्वारीचं आमंत्रण देणारं पत्र लिहिलं आणि सुलतान मुहम्मदशहा नशेत असताना पुढे केलं. बोलावणं आलं तेव्हा जाऊ नका, निघून जा, असं हितचिंतकांनी परोपरीने विनवलं. ते गेले. शिक्का आपला, पत्र आपलं नाही, एवढंच ते सांगू शकले. चौकशी नाही, साक्षीदार नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी कोंडापल्लीच्या छावणीत त्यांचा शिरच्छेद झाला. वय सत्तरीचं. चाकणलाही हेच झालं होतं : एक खोटी खबर, आणि ती तपासायची सोय कुठेच नाही. ज्या मर्जीने पद दिलं, तीच मर्जी मानही घेऊ शकत होती.

सुलतानाने त्यांचा खजिना तपासायला लावला. फारसं काही निघालं नाही. पगाराचं उत्पन्न गोरगरिबांत जायचं, घरखर्च स्वतःच्या जुन्या व्यापारी भांडवलावर चालायचा. सुलतान पस्तावला, पण वर्षभरात तोही दारूने गेला. यूसुफ आदिल, इमादुल्मुल्क असे मोठे सरदार पुन्हा शाही छावणीत राहायला तयार होईनात. दख्खनी, आफाकी दोघेही.

वजिरी मलिक हसनला मिळाली. गंमत म्हणजे हा दख्खनींचा पुढारीसुद्धा जन्माने ब्राह्मण, विजयनगरच्या लढाईत लहानपणी पकडून आणलेला. १४८६ मध्ये बीदरलाच त्याचाही खून झाला. त्याचा मुलगा मलिक अहमद तेव्हा जुन्नरला होता. त्याने शिवनेरी घेतला, मग आपल्या मावळातले लोहगड, तुंग, तिकोना घेतले, आणि १४९० मध्ये अहमदनगरची निजामशाही उभी केली.